पाठकोरे

१

शनिवारी सकाळी पावणेदहाला मोठ्या बाईंनी टेबलाचा खण उघडला आणि "चोरी!" म्हणून अशा ओरडल्या, की जिना चढत असलेल्या प्रकाशकांच्या हातातली छत्री खाली पडली. हे मला प्रकाशकांनीच फोनवर सांगितलं. छत्रीचं त्यांनी दोनदा सांगितलं. काय चोरीला गेलं ते मात्र मी तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा सांगितलं.

"शेवटचं प्रकरण हो. चाळिसावं! बेचाळीस पानं. सोमवारी छपाई सुरू व्हायचीय. तुम्ही आहात तशा या."

मी मुद्रितशोधक. दुसऱ्यांच्या चुका काढणं हाच माझा धंदा, म्हणून मला सगळे 'काना-मात्रा' म्हणतात, अगदी तोंडावर. सव्वीस वर्षं मी मोठ्या बाईंची कादंबरी तपासतेय. कादंबरी एकच, खंड बारा. काचेचा कारखाना असलेलं एक गडगंज घराणं, त्यात पुरुष नावापुरते, हुकूम सगळा बायकांचा. जिच्या कमरेला किल्ल्यांचा जुडगा, ती मालकीण. अकरा खंडांत तो जुडगा अकरा वेळा इकडून तिकडे गेला. मेलेल्या जावेच्या मुठीतून, झोपलेल्या नणंदेच्या कमरेवरून, एकदा तर थेट कोर्टातून. बारावा खंड शेवटचा. जुडगा अखेर कोणाकडे राहतो, यावरून लोकांच्या घरात खऱ्या नणंदा-भावजया एकमेकींशी बोलेनाशा झाल्या होत्या.

त्या घराण्यात कोण कधी जन्मली, कोण कशाने गेली, कोणाचे डोळे घारे, याची एक जाडजूड वही माझ्याकडे असते. तिसऱ्या खंडात एक मेलेली आत्या चहा प्यायला आली होती, तेव्हापासून ही वही. त्यानंतर एकही मेलेलं माणूस माझ्या नजरेतून सुटून परत आलेलं नाही. याचा मला गर्व आहे, आणि तो मी लपवत नाही.

"पोलीस?" मी विचारलं.

"बाई नको म्हणतात. म्हणून तर तुम्ही!" प्रकाशक म्हणाले. "चोर कोण ते तसं ठरलंच आहे. फक्त पानं कुठे ठेवलीत तेवढं शोधायचंय."

२

ठरलेला चोर म्हणजे टायपिस्ट. मोठ्या बाईंच्या लिहिण्याच्या खोलीत, दाराजवळच्या तिच्या छोट्या टेबलापाशी ती उभी होती. बावीस वर्षं रोज साडेनऊ ते पाच ती त्याच टेबलावर बसली. आज कुणी तिला बस म्हणत नव्हतं.

मोठ्या बाई खिडकीपाशी त्यांच्या उंच पाठीच्या खुर्चीत. वय चौऱ्याहत्तर, कणा अजून फूटपट्टी. शेजारी त्यांची धाकटी बहीण, तिला सगळे धाकट्या बाई म्हणतात. बटणांच्या कारखान्याची मालकीण, बोलायला लागली की समोरच्याने गप्प बसायचं. मोठ्या बाईंची लेक भिंतीला टेकून उभी होती. ती दातांची डॉक्टर आहे, दवाखाना अर्धवट सोडून आली होती, अंगावर पांढरा कोट तसाच.

"खणाच्या किल्ल्या दोन," धाकट्या बाईंनी मला बसूही दिलं नाही. "एक ताईच्या कमरेला, दुसरी हिच्याकडे. कुलूप तोडलेलं नाही. मग कुणी नेलं? भुताने?"

"आणि नेऊन ती करणार काय?" मी विचारलं.

"विकेल! किंवा कुठल्यातरी मासिकाला शेवट सांगेल. मला काय विचारतेस? सहापर्यंत पानं आली नाहीत तर मी तक्रार करणार, ताई काहीही म्हणो. आणि हिला या गावात कुणी दारात उभं करणार नाही, हे मी बघेन."

धाकट्या बाई बोलतात ते करतात. एका वर्षी त्यांनी एका कारकुनाला असं बदनाम केलं होतं, की त्याला बिऱ्हाड हलवावं लागलं. टायपिस्टच्या घरी अंथरुणाला खिळलेला नवरा आहे. ती नुसती यंत्रावरचं कापड सारखं करत राहिली.

मी पिशवी ठेवायला जागा शोधली. खिडकीखाली जुन्या हस्तलिखितांचे गठ्ठे होते, फितीने बांधलेले, स्टुलाएवढे उंच. त्यातल्या एकावर पिशवी ठेवली.

"तिथे नको," मोठ्या बाई एकदम म्हणाल्या. सकाळपासूनचं ते त्यांचं माझ्याशी पहिलं वाक्य.

मी पिशवी उचलून टेबलाच्या कोपऱ्यावर ठेवली. तिथे त्यांचा लिहिण्याचा पॅड होता. पाचव्या खंडाच्या वेळी दोन प्रकरणांची पानं एकमेकांत मिसळली आणि आम्ही सगळे आठवडाभर वेडे झालो, तेव्हापासून प्रकाशक त्यांना पिवळ्या कागदांचा पॅड छापून देतात, प्रत्येक कागदावर कोपऱ्यात आकडा छापलेला, एक ते सहाशे. पक्कं लिखाण फक्त त्यावर. वरच्या कोऱ्या कागदावर ५४२ होतं. पेन बाजूला आडवं पडलेलं होतं.

"बाई, प्रकरण लिहून कधी झालं?"

"काल. चारला. खणात ठेवलं, कुलूप लावलं. आज उघडलं तर नाही."

"शेवटी जुडगा कोणाकडे जातो?"

मोठ्या बाई खिडकीबाहेर बघत राहिल्या. "ते वाचकांनी वाचायचं असतं," त्या म्हणाल्या.

३

एकेकीला शेजारच्या खोलीत घेतलं. पहिल्या धाकट्या बाई.

"मी वाचलंय," त्या दार लागताच म्हणाल्या. माझ्या हातून पेन्सिल पडली.

"काय?"

"शेवटचं प्रकरण. सोमवारी. ताई दुपारची झोपली होती, टेबलावर टिपकागदाखाली पानं होती. तीन-चार. माझ्यावर बेतलेली बाई आहे ना त्यात, धाकटी जाऊ? सव्वीस वर्षं सगळं जग मला विचारतंय, तुम्हीच का हो त्या? मग मला कळायला नको?"

"मग? काय होतं?"

धाकट्या बाईंचा चेहरा आधी फुलला आणि लगेच पडला. "जुडगा धाकटीला मिळतो! अशी छाती भरून आली माझी. आणि पान उलटलं तर काय, ती म्हातारी सासू जिन्यावरून खाली येते, कोमट दूध मागते, आणि म्हणते, 'जुडगा इकडे.' झालं! दिला आणि काढून घेतला. असं कुणी करतं का सख्ख्या बहिणीला?"

माझं डोकंच फिरलं. सासू? ती चौथ्या खंडात त्याच जिन्यावरून पडून मेली. माझ्या वहीत तारीख आहे. आणि मोठ्या बाई मेलेली सासू परत आणतील? शक्यच नाही. म्हणजे धाकट्या बाई थापा मारत होत्या. पण थाप मारायची तर स्वतःचा अपमान करणारी कुणी मारेल का?

"चष्मा लावून वाचलंत ना?" मी विचारलं.

"मला चष्मा लागत नाही," त्या ताठ होऊन म्हणाल्या. त्यांना चष्मा लागतो, हे त्यांच्या कारखान्यातली बटणंसुद्धा सांगतील.

४

लेक आत आली आणि रडायलाच लागली.

"काना-मात्रा मावशी, मीसुद्धा वाचलं. बुधवारी. आईचं ब्लडप्रेशर बघायला आले होते, ती आंघोळीला गेली होती. पाच-सहा पानं होती. जुडगा मुलीकडे जातो."

"मुलीकडे? धाकटीकडे नाही?"

"नाही गं. मुलीकडे. मी आयुष्यभर म्हणत आले, आई, मला तुझं हे राज्य नको, मला लोकांचे दात बघू दे. आणि तिने तेच लिहिलं, की मुलगी नको नको म्हणते आणि आई तिच्या कमरेला बळेच जुडगा बांधते. माझ्या बोटाला शाई लागली, इतकं ताजं होतं ते. मी हात धुतला आणि पळाले."

"सासू?"

"कोणाची सासू?"

"कोमट दूध?"

लेकीने माझ्या कपाळाला हात लावून बघितला.

प्रकाशकांचं तिसरंच. त्यांनी पान बघितलं नव्हतं, पण गुरुवारी मोठ्या बाईंनी फोनवर त्यांना शेवट सांगितला होता. "जुडगा भट्टीत टाकतात. काचेच्या भट्टीत! वितळून जातो. मी तर जाहिरातसुद्धा तशी लिहिली, 'ज्वाला' वगैरे शब्द घालून."

आता मला सांगा, एका प्रकरणाला शेवट किती? धाकटी, मुलगी, भट्टी, आणि वर एक मेलेली बाई दूध मागतेय. तिघांनीही शपथा घेतल्या. मी सव्वीस वर्षं एका अक्षराची चूक पकडते, आणि आज अख्खं प्रकरण चूक की बरोबर तेच मला कळत नव्हतं. घड्याळात पावणेचार झाले होते आणि मी जिथे होते तिथेच होते.

५

टायपिस्टला मी आधी खुर्ची दिली. ती बसली नाही.

"तू वाचलंस का?"

"माझ्याकडे आलं की मी टाइप करते. आल्याशिवाय मी बाईंच्या कागदाला हात लावत नाही."

"शेवटचा कागद कोणता टाइप केलास?"

"पाचशे एकेचाळीस. एकोणचाळिसावं प्रकरण तिथे संपलं." आकडे सांगताना तिचा आवाज नेहमीसारखा झाला. "काल पाचला टाइप केलेली प्रत खणात ठेवली आणि घरी गेले. रोज ठेवते तशी."

"काल पाचला!" मी जवळजवळ ओरडलेच. "म्हणजे तू खण उघडलास. बाईंनी चारला प्रकरण आत ठेवलं होतं. पाचला ते आत होतं का?"

मी वाट बघितली. बाहेरून धाकट्या बाईंचा आवाज येत होता, तक्रार कशी लिहायची ते त्या प्रकाशकांना सांगत होत्या.

"अगं बोल की. 'होतं' म्हण, नाहीतर 'नव्हतं' म्हण."

"बाई म्हणतात ठेवलं होतं, तर ठेवलं असेल."

"मी बाईंचं विचारत नाही. तू काय बघितलंस?"

"मला जाऊ द्या," ती म्हणाली. तिचे हात थरथरत होते. बावीस वर्षांत तिच्या टायपिंगमध्ये मला मोजून नऊ चुका सापडल्या, इतकी ती स्थिर हाताची. त्या क्षणी मला वाटलं, हिनेच घेतलं. आणि असं वाटलं याची मला अजून लाज वाटते.

६

मी एकटी बसून वही उघडली. सासूवर जरा राग काढावा म्हणून तिचं पान काढलं. खंड चौथा, प्रकरण एकतिसावं. माझ्याच अक्षरात लिहिलं होतं: 'सासू जिन्यावरून खाली येते. कोमट दूध मागते. जुडगा इकडे म्हणते. पाय घसरतो.'

मी ते तीनदा वाचलं. धाकट्या बाईंनी नवीन काही वाचलंच नव्हतं! त्यांनी वाचलं ते एकवीस वर्षांपूर्वीचं होतं.

मग मुकाट्याने मोठ्या बाईंच्या खोलीत गेले. पॅडकडे बघितलं, पाचशे बेचाळीस. गठ्ठ्यांकडे बघितलं. मोठ्या बाई माझ्याकडे बघत होत्या, डोळ्याची पापणी न हलवता.

"सगळ्यांना बोलवा," मी म्हणाले. पाच वाजून दहा मिनिटं झाली होती.

७

सगळे जमले. ज्या बाईंच्या जिवावर मी जेवते, त्यांच्यासमोर उभं राहायचं होतं.

"चोरी झालीच नाही," मी म्हणाले.

"म्हणजे?" धाकट्या बाई उसळल्या.

"बाई पक्कं लिखाण या पिवळ्या कागदांवरच करतात. एकोणचाळिसावं प्रकरण पाचशे एकेचाळीसवर संपलं. चाळिसावं बेचाळीस पानांचं झालं असतं, तर पॅडवर आज वरचा आकडा पाचशे चौऱ्याऐंशी असता. तो पाचशे बेचाळीस आहे. एकही कागद फाटलेला नाही. जे लिहिलंच नाही ते चोरणार कोण?"

"अगं पण मी वाचलंय!"

"तुम्ही कच्चं वाचलंत. बाई कच्चं लिखाण पाठकोऱ्या कागदांवर करतात, जुन्या हस्तलिखितांच्या मागच्या बाजूला. तुम्ही एक बाजू वाचलीत, त्यात जुडगा धाकटीला मिळाला. पान उलटलंत आणि चौथ्या खंडातली सासू खाली आली. अक्षर तेच, बाईंचं. शाई जुनी झालेली दिसली असती, पण तुम्हाला चष्मा लागत नाही."

धाकट्या बाईंनी तोंड उघडलं आणि मिटलं. हे मी प्रथमच बघितलं.

"सोमवारचा मसुदा धाकटीचा. तो रद्द. बुधवारी मुलीचा. तोही रद्द. गुरुवारी भट्टी. सगळे खरंच बोलत होते, फक्त प्रत्येकाचा वार वेगळा. काल हिने," मी टायपिस्टकडे हात केला, "पाचला खण उघडला तेव्हा त्यात चाळिसावं प्रकरण नव्हतं. हिला ते माहीत आहे. पण ते बोलली असती तर बाई खोट्या पडल्या असत्या. म्हणून ही सकाळपासून चोर म्हणून उभी आहे."

प्रकाशकांनी छत्री या हातातून त्या हातात घेतली. "मग ते मसुदे कुठे आहेत?"

मी खिडकीपाशी गेले आणि वरच्या गठ्ठ्यावर हात ठेवला. जिथे सकाळी पिशवी ठेवली होती तिथेच. जुनी बाजू वर, नवीन खाली. "सव्वीस वर्षं मी या गठ्ठ्यांच्या शेजारी बसते. वरची बाजू पाठ आहे मला. खालची कधी बघितली नाही." फितीची गाठ हाताला लागली. "उलटू का, बाई?"

मोठ्या बाईंनी घड्याळाकडे बघितलं. सहाला पंचवीस मिनिटं होती. त्यांनी नुसतं 'ही बाई खुळी आहे' म्हटलं असतं, तरी त्या खोलीत त्यांचंच ऐकलं गेलं असतं. मला हाकलून दिलं असतं, टायपिस्ट चोर ठरली असती, आणि शेवट न लिहिण्याला एक भरभक्कम कारण कायमचं मिळालं असतं. त्यांनी एकदा टायपिस्टकडे बघितलं. ती खाली बघत होती.

"थांब, काना-मात्रा," त्या म्हणाल्या. "उलटू नकोस. मीच सांगते."

८

"मला जमलं नाही," मोठ्या बाई म्हणाल्या. हे वाक्य त्यांच्या तोंडून कुणीच ऐकलेलं नव्हतं, लेकीने तर पटकन जवळ जाऊन त्यांची नाडी धरली. त्यांनी हात सोडवून घेतला. "अकरा खंड मी बायकांना हिसकावून घ्यायला शिकवलं. ते मला येतं. पण यावेळी मालकीण जिवंत आहे, धडधाकट आहे, आणि तिने आपणहून द्यायचंय. कशी देते ती? काय म्हणते? देऊन झाल्यावर हातांचं काय करते? मला ठाऊक नाही गं. मी कधी कुणाला काही दिलेलं नाही. सकाळी जिन्यावर प्रकाशकांची पावलं वाजली, आणि माझ्या तोंडून 'चोरी' निघून गेलं. मग ही धाकटी सुटली, आणि मी तिला थांबवलं नाही."

"ताई!"

"गप गं. तू माफी माग तिची. आधी मी मागते."

त्या उठल्या. कमरेची किल्ली काढायला त्यांना वेळ लागला, गाठ जुनी होती. ती त्यांनी टायपिस्टच्या टेबलावर ठेवली. "बावीस वर्षं तू माझी लाज राखलीस आणि आज मी तुझी घालवली. चुकलं माझं. ही ठेव. दोन्ही तुझ्याकडेच राहू देत." मग खुर्ची तिच्यासाठी मागे ओढली, स्वतः. "बस. आजपासून मी सांगेन, तू टाइप कर. कागद चढव. काहीतरी सुचेल."

टायपिस्ट बसली नाही. तिने दोन्ही किल्ल्या एकत्र केल्या. मग रोजच्या सवयीने मोठ्या बाईंचं टेबल आवरलं, पेन खणात, पॅड खणात, आणि खणाला कुलूप लावलं.

"अगं, माझं पेन—"

"आज नाही, बाई," ती म्हणाली. आवाज हळू होता, पण त्याला धार होती. "आज मी आठ तास चोर होते. आज माझ्याने टाइप होणार नाही. उद्या रविवार असला तरी साडेनऊला येईन." मग ती धाकट्या बाईंकडे वळली. "तुम्हीही या. माफी मागायची ती सगळ्यांसमोर मागा, आज बोललात तेही सगळ्यांसमोरच बोललात."

आणि ती गेली. किल्ल्या घेऊन गेली. जिन्यावर तिची पावलं अगदी शेवटपर्यंत ऐकू आली.

मोठ्या बाई रिकाम्या टेबलासमोर बसल्या. हात आधी टेबलावर ठेवले, मग मांडीवर, मग पुन्हा टेबलावर. त्या हातांचं काय करावं ते त्यांना खरंच कळत नव्हतं. मला भरून आलं आणि रागही आला, दोन्ही एकदम.

"घेऊन गेली की गं," त्या म्हणाल्या. मग त्यांचा चेहरा हळूहळू बदलला. "काना-मात्रा, हे असं असतं होय? आपण देतो, तेव्हा वाटतं आता आपल्याला कुणी मिठी मारेल. आणि घेणारी खुशाल निघून जाते."

"तसंच दिसतंय."

"मग मला शेवट कळला," मोठ्या बाई म्हणाल्या, आणि पेनासाठी हात पुढे केला, आणि हसल्या.

दुसऱ्या दिवशी साडेनऊला यंत्रात पाचशे बेचाळीस नंबरचा कागद चढला. प्रकरण एकोणीस कागदांचं झालं. त्यात चुका नव्हत्या असं मी म्हणणार नाही, अकरा होत्या, आणि सगळ्या सांगणारीच्या, टाइप करणारीची एकही नाही. धाकट्या बाईंनी माफी मागितली, चष्मा लावून, कागदावरून वाचून. मोठ्या बाईंना अजूनही खण उघडायचा असला की विचारावं लागतं.